आत किती, बाहेर किती

कापगतेकाकांनी पहिल्या भेटीत मला नमस्कार केला नाही, नाव विचारलं नाही, बसाही म्हटलं नाही. त्यांनी मला मोजलं. माझ्याकडे बोट करून "अठरा" असं स्वतःशीच म्हणाले आणि माझ्या हातात पितळेचा एक बिल्ला ठेवला. त्यावर दोनचा आकडा ठोकलेला होता.

"फळीवर लावा, मंग आत या. जातानी काढा. इसरल्या तर मी तुमाले पान्यात शोधीन."

आता मला पोहता येत नाही. मी भिलाईतल्या एका लहानशा कॉलेजात वाणिज्य शिकवते, आणि स्टाफ मीटिंगला उशिरा पोचण्याची शिक्षा म्हणून क्रीडा विभाग माझ्या गळ्यात पडलेला होता. मी फक्त खुर्चीवर बसून पोरांवर लक्ष ठेवणार, पाण्याला पायसुद्धा लावणार नाही, हे सगळं मी काकांना नीट समजावून सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि फळीकडे बोट दाखवलं. मी बिल्ला अडकवला. त्याला आता सहा वर्षं झाली.

काका भिलाईच्या पोलाद प्लांटमधून निवृत्त झालेले. मूळचे भंडारा जिल्ह्यातले, साकोलीकडचे, घरी धानाची शेती. वयाच्या बाविसाव्या वर्षी भिलाईला आले ते इथलेच झाले. प्लांटमध्ये ते जिथे गॅसची भीती असते अशा जागी काम करत. तिथे रीत अशी की आत जाणाऱ्याने आपला बिल्ला दाराजवळच्या फळीवर अडकवायचा आणि बाहेर आला की स्वतःच्या हाताने काढायचा. दुसऱ्याच्या बिल्ल्याला कोणी हात लावायचा नाही. फळीवर एक जरी बिल्ला उरला असेल तरी दार बंद होत नाही, पाळी संपत नाही, कोणी घरी जात नाही. चौतीस वर्षं काकांनी ती फळी सांभाळली आणि एकही बिल्ला उरला नाही, हे ते मला आठवड्यातून एकदा तरी सांगत. निवृत्तीनंतर आमच्या कॉलेजने त्यांना पोहणं शिकवायला घेतलं, तेव्हा त्यांनी पहिली मागणी केली ती खिळे मारलेल्या फळीची आणि चाळीस बिल्ल्यांची. शिट्टी त्यांनी घरून आणली.

एक नंबरचा बिल्ला त्यांचा स्वतःचा. सकाळी सगळ्यांत आधी तो लागायचा आणि सगळ्यांत शेवटी निघायचा.

मोजण्याचा हा रोग पाण्यापुरता असता तर चाललं असतं. काका पंगतीत मोजत. ऑटोत मोजत. सिविक सेंटरच्या बाजारात एकदा आम्ही स्टाफचे सातजण डोसा खायला गेलो, तर आमच्यातले एक सर हात धुवायला गेले ते लवकर परतले नाहीत म्हणून काकांनी वेटरला बिल आणू दिलं नाही. भेटल्यावर लोक एकमेकांना कसं काय विचारतात, काका विचारत, "आत किती, बाहेर किती?" सुरुवातीला मी गोंधळायचे. मग सवयीने घरच्यांची संख्या सांगू लागले.

गणपती विसर्जनाची गोष्ट तर आमच्याकडे अजून निघते. तळ्यात मूर्ती घेऊन नऊजण उतरले, बाहेर आले आठ. काकांनी शिट्टी मारली आणि मोरया म्हणणारं तोंड जागच्या जागी बंद झालं. पोहणारे पाण्यात गेले, बायका रडायला लागल्या, ढोल थांबले. वीस मिनिटांनी नववे गृहस्थ पान चघळत रस्त्यावरून आले आणि गर्दी बघून विचारू लागले की कोण बुडालं. लोकांनी काकांना काय काय ऐकवलं ते इथे लिहीत नाही. काकांनी मात्र त्या गृहस्थांचा हात धरून त्यांना तळ्याच्या पायरीवर नेलं, पाण्यात पाय बुडवायला लावला, परत वर आणलं आणि म्हणाले, "आता नऊ."

शिकवण्याची पद्धतही अशीच. आमचा तलाव पंचवीस मीटरचा, निळ्या फरशीचा, कॉलेजच्या मागे. काका त्याला बोडी म्हणत. त्यांच्या गावाकडे शेतातल्या लहान तळ्याला बोडी म्हणतात, आणि ते म्हशीचं शेपूट धरून बोडीतच पोहायला शिकले होते. त्यामुळे त्यांच्या सूचनांमध्ये म्हैस फार यायची. मान वर काढणाऱ्याला ते म्हणत की म्हशीला शिंगं आहेत म्हणून ती डोकं वर ठेवते, तुले काय झालं. नवीन पोरांना पहिले आठ दिवस ते पोहायला शिकवतच नसत. पाण्यातून बाहेर यायला शिकवत. कठड्यावर हात, खांदे वर, गुडघा वर, बाहेर. पुन्हा आत, पुन्हा बाहेर. मुलं कंटाळून हसत. काकांचं म्हणणं एकच होतं, पाण्यात कोणीबी जाते.

मुलींचा वर्ग सुरू झाला तेव्हाची गोष्ट मात्र मी कोणालाही कौतुकानेच सांगते. पुरुष शिकवणार म्हणून मुलींच्या आया नाराज होत्या. काकांनी वाद घातला नाही. खुर्ची उचलली, फिरवली आणि तलावाकडे पाठ करून फळीकडे तोंड करून बसले. तीन महिने त्यांनी मुलींना नुसत्या आवाजावर शिकवलं. पाणी कसं वाजतंय ते ऐकायचे आणि भिंतीकडे बघत ओरडायचे, "तिसऱ्या पट्टीतली, उजवा हात कच्चा पडून राह्यला. पाय कावून थांबवले?" आणि तिसऱ्या पट्टीतलीचा उजवा हात खरोखर कच्चा पडत असायचा. डोळ्यांनी बघायचं काम माझं होतं, कानांनी बघायचं त्यांचं. शेवटी एक दिवस दोन आयाच पुढे आल्या आणि त्यांनी काकांची खुर्ची काकांसकट फिरवली. मला वाटतं, आयुष्यातले मोठे दिवस मोजताना काका तो दिवस धरत असावेत.

गेल्या हिवाळ्यात कॉलेजच्या समितीवर नवे सचिव आले. त्यांना आकडे आवडत. मुलांचा संघ अकरा जणांचा, दरवर्षी दोन-चार पदकं आणणारा. मुलींच्या संघात पाचजणी, पदक एकही नाही. मुलींचा सकाळी सहा ते सातचा वर्ग बंद करावा आणि पूर्ण सकाळ मुलांना द्यावी, असं त्यांनी मांडलं. मी जमेल तेवढी भांडले. शेवटी असं ठरलं की मार्चमध्ये रायपूरला विद्यापीठाची स्पर्धा आहे, तिथे मुलींनी चारजणींची रिले पूर्ण करून दाखवावी. पूर्ण केली तर वर्ग राहील, नाहीतर नाही. शिवाय सचिवांकडे कोणीतरी जुनीच तक्रार पोचवली होती, म्हणून पुरुष प्रशिक्षकाने मुलींच्या वेळी तलावाकडे तोंड करू नये असाही हुकूम निघाला. काकांनी खुर्ची पुन्हा फिरवली. या वेळी त्यांची पाठ वाकलेली दिसली.

पाचजणींत सर्वांत वेगवान हेमा. कोहक्याहून सायकलने यायची. बोलायची कमी, पण काकांचा प्रत्येक शब्द वहीत लिहून ठेवल्यासारखा लक्षात ठेवायची. काकांनी मुलींना पहिल्याच दिवशी फळीचा कायदा शिकवला होता: जोवर बिल्ला लटकलेला आहे तोवर बोडी बंद होत नाही, मग प्राचार्य येवोत की राज्यपाल. बाकीच्या हसल्या होत्या. हेमा हसली नव्हती.

स्पर्धेला पंधरा दिवस उरले आणि पाणी स्वच्छ करणारी मोटर जळाली. दोन दिवसांत पाणी हिरवट झालं. खोल बाजूचा तळ दिसेना. असल्या पाण्यात काकांनी कधी कोणाला उतरू दिलं नव्हतं. पण मुली मागे लागल्या, तेराच दिवस राहिलेत म्हणाल्या, आणि काकांचं मन विरघळलं. त्यांनी तलावाच्या मधोमध दोर बांधला. उथळ बाजूलाच सराव, दोराच्या पलीकडे कोणी जायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःचा नियम वाकवला होता, आणि ते त्या सकाळी दर दोन मिनिटांनी मला विचारत होते, "बाई, दोराच्या अलीकडे हायेत ना साऱ्या?" मी हो म्हणत होते.

सातला पंधरा मिनिटं होती तेव्हा सचिवांची गाडी आली. न कळवता नाही, आदल्या दिवशी निरोप होता, मुलींनाही माहीत होतं. मी उठले आणि फाटकाकडे गेले. त्यांना खुर्ची दिली, चहा सांगितला, रिलेबद्दल चार चांगले शब्द बोलले. या सगळ्यात दहा-बारा मिनिटं गेली. त्या दहा-बारा मिनिटांत तलावाकडे बघणारे डोळे तिथे नव्हते. हे मी आज लिहिते आहे. त्या दिवशी सचिवांसमोर माझ्या तोंडून निघालं नाही.

सात वाजता काकांनी शिट्टी मारली. मुली बाहेर आल्या, अंगावर टॉवेल घेतले आणि एकेक करून फळीवरचे बिल्ले काढून पेटीत टाकले. चार बिल्ले पडले. काकांचा एक नंबर आणि माझा दोन नंबर सोडून फळीवर आणखी एक बिल्ला राहिला. नऊ नंबर.

"नऊ कोन?" काकांनी विचारलं. त्यांना माहीत होतं. सगळ्यांनाच माहीत होतं.

चौघी एकमेकींकडे बघायला लागल्या. हेमा आत्ता तर होती, एकजण हिंदीत म्हणाली. दुसरी म्हणाली, कपडे बदलायला गेली असेल. मी पळत जाऊन कपड्यांची खोली बघितली. कोणी नव्हतं. तिची बॅगही नव्हती. मला एवढं हायसं वाटलं की मी तिथूनच ओरडले, काका, बॅग नाही, ती घरी गेली.

काका फळीसमोर उभे होते. त्यांनी मागे वळूनही बघितलं नाही. "ब्याग गेली. पोरगी गेली हे कोनं पाह्यलं?"

कोणीच बघितलं नव्हतं. हेमाचा फोन लावला, बंद. सायकली कॉलेजच्या पुढच्या स्टँडवर, शंभर सायकलींत तिची कोणती ते सांगता येईना. बॅग दुसऱ्या कोणी उचलली असेल, ती स्वतः पाण्यातच असेल, हे मनात आलं आणि मग ते काढता येईना. मी हिरव्या पाण्याकडे बघितलं. दोराच्या पलीकडे ते अगदी शांत होतं.

काकांनी मनहरणला, म्हणजे आमच्या पहारेकऱ्याला, गाडी काढून कोहक्याला पाठवलं. मग हातातलं घड्याळ काढून माझ्याकडे दिलं, चपला काढल्या, आणि अडुसष्ट वर्षांचा तो माणूस शर्ट-पँटसकट खोल बाजूला उडी मारून गेला.

काका खाली गेले आणि मी मोजायला लागले. मला दुसरं काही सुचलंच नाही. तीसच्या पुढे आकडे मोठ्याने यायला लागले. चव्वेचाळीसला डोकं वर आलं, त्यांनी मान हलवली, श्वास घेतला आणि पुन्हा खाली.

तिसऱ्यांदा वर आले तेव्हा त्यांनी शिट्टी मारली आणि पडद्यापलीकडे आपल्या वेळेची वाट बघत उभ्या असलेल्या मुलांना हाक दिली. मुलींच्या आणि मुलांच्या मधला तो हिरवा पडदा सचिवांच्याच हुकमाने लागलेला. मुलांनी तो ओढून काढला. काकांनी सगळ्यांना पाण्यात घेतलं, मुलगे आणि मुली, हातात हात, तलावाच्या रुंदीभर एक रांग. उथळाकडून खोलाकडे पायांनी तळ चाचपत सरकायचं, पाय पुरेनासे झाले की आळीपाळीने डुबकी. सचिव म्हणाले की हे योग्य नाही, आधी पोलिसांना कळवा, मुलींना बाहेर काढा. कोणी ऐकलं नाही. मला वाटतं कोणाला ऐकूच आलं नाही. रांग एकदा गेली. रांग परत आली. दुसऱ्यांदा गेली. मध्येच एखादा पाय तळावर कशाला तरी लागला की तो मुलगा थांबायचा, सगळी रांग थांबायची. एकदा प्लास्टिकची पाटी निघाली, पोहताना तळहाताला बांधायची. एकदा कोणाची तरी टोपी.

काका मात्र खोल बाजूलाच होते. खाली, वर, खाली. एकदा मी एकावन्नपर्यंत गेले. ओठ निळे पडले होते. मी त्यांना बाहेर या म्हणाले, तर म्हणाले, "बाई, मोजत राहा. थांबू नका."

अर्ध्या तासाने माझा फोन वाजला. मनहरण होता. पोरगी घरी आहे, चुलीपाशी बसून तांदळाच्या पिठाची अंगाकर रोटी खाते आहे, म्हणाला. मी ओरडून सगळ्यांना सांगितलं. मुली रडायला लागल्या, मुलं हसायला लागली, सचिवांनी रुमालाने मान पुसली. मी काकांना सांगितलं. त्यांनी ऐकलं, आणि ते पाण्यातच राहिले.

"आना तिले," म्हणाले. "बिल्ला हाय अजून."

वीस मिनिटं ते कठड्याला धरून पाण्यात थांबले. मुलांना बाहेर काढलं, पण स्वतः निघाले नाहीत. मनहरणच्या गाडीवरून हेमा आली तेव्हा तिचे केस अजून ओले होते. सगळ्यांचे चेहरे बघून तिचा रंग उतरला. ती फळीपाशी गेली, नऊ नंबर काढला, मुठीत धरला. तेव्हा काकांनी कठड्यावर हात ठेवले. खांदे वर आले, गुडघा वर येईना. दोन मुलांनी धरून त्यांना बाहेर घेतलं.

थरथरत खुर्चीवर बसले आणि त्यांनी फक्त विचारलं, "कावून ठेवला व्हता, माय?"

हेमा खाली बघत म्हणाली, "काका, आप ही बोले थे. जब तक बिल्ला टंगा है, बोडी बंद नहीं होती. आज साहब बंद करने आ रहे थे न."

सचिव येत आहेत म्हणजे वर्ग बंद करायलाच, असं समजून तिने ते ठरवलं होतं. साहेब येतील तेव्हा फळीवर मुलींचा एक बिल्ला लटकलेला असला पाहिजे, म्हणजे त्यांना बंद करताच येणार नाही. माझी पाठ वळल्यावर ती हळूच निघून गेली, कोणी आठवण करून देऊ नये म्हणून कोणाला न सांगता. तिच्या दृष्टीने हा साधा कायदा होता, काकांनीच शिकवलेला. आपल्याला पाण्यात शोधतील हे तिच्या मनातही आलं नव्हतं. ती तर बाहेर होती.

काका तिला रागावले नाहीत. टॉवेलमध्ये तोंड घालून बराच वेळ बसले. मी त्यांचं घड्याळ हातात धरून उभी होते, आणि मला त्या म्हाताऱ्या माणसासमोर स्वतःची इतकी लाज आणि त्यांच्याबद्दल इतकी माया एकदम वाटली की मी घड्याळ द्यायचं विसरून गेले.

सचिवांचा निर्णय तयारच होता. सुरक्षेचा प्रश्न आहे, मुलींचा वर्ग आजपासून बंद. काका उठले, ओल्या कपड्यांनी त्यांच्यासमोर उभे राहिले आणि हिंदीत, शक्य तितक्या सरळ आवाजात म्हणाले की पोरींची चूक नाही. घाण पाण्यात मी उतरवलं, मोजणी माझी होती, चुकलो मी. मी जातो. वर्ग राहू द्या, रिलेपर्यंत तरी. सचिवांना एक माणूस जबाबदार धरायला मिळाला, ते समाधानाने हो म्हणाले. त्या वेळी मी पुढे होऊन सांगायला हवं होतं की बघायचं काम माझं होतं. मी तोंड उघडलं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मान किंचित हलवली. मी तोंड मिटलं. पोरींना भांडायला कोणीतरी आत राहायला पाहिजे, असं ते मला नंतर म्हणाले. ते खरं होतं, आणि मला ते सोयीचंही होतं.

नवी मोटर बसून पाणी निवळलं. शेवटच्या दिवशी काकांनी चाळीस बिल्ले चिंचेने घासून चकचकीत केले आणि पेटीत लावून ठेवले. शिट्टी गळ्यात घातली. फाटकापर्यंत गेले तेव्हा माझं फळीकडे लक्ष गेलं. एक नंबर लटकलेला होता.

मी हाक मारून सांगितलं. काका न थांबता म्हणाले, "राहू द्या जी. पोरीचं बरोबर व्हतं."

मला वाटलं, म्हाताऱ्याची एक खोड. दुसऱ्या दिवशी साडेआठला मनहरणचा फोन आला. मुलांचा वर्ग संपला, नवे शिक्षक घरी गेले, पण तो कुलूप लावत नव्हता.

"एक नंबर ह टंगाय हे मैडम. ताला कइसे लगाहूं?"

मी म्हटलं, काढून ठेव. तो म्हणाला, दुसऱ्याच्या बिल्ल्याला हात लावायचा नाही, काकांनी सांगितलंय. मग काय करायचं, असं मी चिडून विचारलं. पलीकडून फोन हेमाने घेतला. तिने आधीच ठरवलं होतं. बिल्ला उरला की माणूस शोधायचा असतो, एवढंच. ती सायकलवर हुडको वसाहतीत काकांच्या घरी गेली आणि तिथून तिने कळवलं की एक नंबर बाहेर आहे, चहा पितोय. मनहरणने कुलूप लावलं.

तिसऱ्या दिवशीही तेच. चौथ्या दिवशी मुलींनी पाळ्या लावून घेतल्या. आठवड्याभराने मुलांनीही दोन वार मागून घेतले. काका रोज रागावत. "कायले येता रोज रोज? मी का पोट्टा हाय?" म्हणत. आणि मग आलेल्याला म्हशीबद्दल काहीतरी सांगून त्याचा हात कुठे चुकतो ते समजावत.

स्पर्धेच्या दिवशी मुली नव्या शिक्षकांबरोबर रायपूरला गेल्या. मुलांच्या शर्यती दुसऱ्या दिवशी होत्या, त्यामुळे तलाव इथे चालू होता. ती पाळी मी घेतली. सहा वर्षांत मी काकांच्या घरी कधी गेले नव्हते. काकू जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला, एवढंच माहीत होतं.

काका बाहेरच्या पायरीवर बसले होते. अंघोळ झालेली, धुतलेला शर्ट, गळ्यात शिट्टी. शेजारची बाई कपडे वाळत घालत होती, ती मला म्हणाली की हे सातपासून इथंच बसतात, आज उशीर झाला म्हणून दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आले. मी मनहरणला फोन करून एक नंबर बाहेर आहे म्हणून सांगितलं. काकांनी न ऐकल्यासारखं केलं. आत गेले. मी दारातून बघितलं. भिंतीला खिळे होते आणि खिळ्यांना एक टॉवेल, एक पिशवी, एक छत्री. ओट्यावर एक ताट, एक वाटी. आणि कप मात्र दोन, शेजारी शेजारी, धुऊन पालथे घातलेले.

चहा झाला. आम्ही वाट बघत बसलो. काकांच्या हातात स्टॉपवॉच होतं, चालू नसलेलं. ते अंगठ्याने त्याची काच पुसत होते. दहा वाजून गेले, साडेदहा झाले. माझ्या फोनकडे दोघंही बघत होतो आणि बघत नाही असं दाखवत होतो. एकदा फोन वाजला तो बँकेचा निघाला. काकांचा हात काचेवरच थांबला होता.

मग हेमाचा फोन आला. आवाज, ओरडा, काही कळेना. मी फोन काकांच्या कानाला लावला.

त्यांनी नंबर विचारला नाही, वेळ विचारली नाही. "चारी बाहेर आल्या का?" म्हणाले.

आल्या होत्या. सात संघांत सहाव्या आल्या होत्या, पण चौघींनी रिले पूर्ण केली होती. कोणाचा वळसा चुकला नव्हता. काका डोळे मिटून बसले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं ते त्यांनी पुसलं नाही, मीही माझं पुसलं नाही.

थोड्या वेळाने मला एक गोष्ट सुचली आणि मी ती बोलून मोकळी झाले. मी म्हटलं, काका, आता वर्ग राहिला. सचिवांनी आधीच तसं लेखी दिलंय. आता बोडी बंद व्हायची भीती नाही. उद्या चला तुम्ही, बिल्ला काढून घ्या, पोरांची रोजची ये-जा तरी वाचेल.

काकांनी दोन्ही कप उचलले, नळाखाली धुतले, ओट्यावर पालथे घातले. मग दारात येऊन उभे राहिले, रस्त्याकडे बघत. मला तेव्हा कळलं की मी काय बोलून बसले होते.

"बाई," ते म्हणाले, "उद्या कोनाची पाळी हाय?"

"हेमाची," मी म्हटलं.